धान्य आणि त्यावरील संस्कार



ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई ही आपल्या कोरडवाहू मुलखाची आणि डोंगरउतारांची धान्ये शिधावाटपाच्या दप्तरात कित्येक वर्षे दुय्यम जिन्नस म्हणून नोंदली गेली. हाती चार पैसे खेळू लागताच गरिबाच्या ताटातूनही ती गव्हा-तांदळाला जागा करून देत मागे सरली. आणि आज तीच धान्ये सरकारदरबारी, विद्यापीठांत आणि शहरांतील मोठ्या दुकानांत एकाच वेळी सन्मान पावत आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि तो ठराव भारताच्या पुढाकाराने संमत झाला, हे आपणांस विदित आहेच. या सन्मानाचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो. तथापि या धान्यांपासून आरोग्यदायी तयार पदार्थ बनवावयाचे तर त्यांच्याकडून नेमके काय घ्यावयाचे, हा प्रश्न या उत्साहात मागे पडला आहे, आणि तोच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की, धान्याचा अर्धा गुण शेतात सिद्ध होतो आणि अर्धा घरात, म्हणजे ते भिजवण्यात, मोडवण्यात, भाजण्यात, आंबवण्यात आणि कशाबरोबर दळावे याच्या निवडीत. आणि जो समाज धान्य उचलताना हा दुसरा अर्धा भाग मागे टाकतो, त्याच्या वाट्याला त्या धान्याचे पोषण येईलच, असे नाही.

या विधानाला इतिहासाचा आधार आहे, आणि तो काहीसा सविस्तर सांगण्याची मी अनुज्ञा घेतो. मका हे मेक्सिको आणि मध्य अमेरिका या प्रदेशांचे आदिधान्य. तेथील स्त्रिया शतकानुशतके मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवीत, रात्रभर त्यातच मुरू देत, सकाळी धुऊन त्यांची साले काढीत, आणि मग दगडी पाट्यावर वाटून त्या लगद्याच्या पोळ्या भाजीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजे नव्या जगाच्या किनाऱ्याला लागली आणि मका समुद्र ओलांडून गेला. चुन्याची क्रिया मात्र जेथल्या तेथे राहिली. थोड्या जमिनीत मुबलक पिकणारे हे धान्य स्पेनच्या आणि उत्तर इटलीच्या गरीब कुळांचे जवळजवळ एकमेव अन्न बनले, आणि १७३५ साली आस्तुरियास प्रांतातील गास्पार कासाल या वैद्याला शेतकऱ्यांमध्ये एक नवाच रोग आढळला. हातापायांची आणि गळ्याभोवतीची कातडी उन्हाने करपल्यासारखी होई, पोट बिघडे, आणि शेवटी बुद्धीला भ्रंश होई. इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव पडले. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात त्याने असा कहर केला की तो संसर्गजन्य असावा असे पुष्कळांना वाटू लागले. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी प्रयोगांनी दाखविले की दोष जंतूचा नसून आहाराचा आहे. आणि १९३७ च्या सुमारास पेलाग्रा टाळणाऱ्या नायसिन या जीवनसत्त्वाचा उलगडा झाला, त्यानंतर कालांतराने मेक्सिकोतील स्त्रियांच्या चुन्याचे रहस्य कळले. मक्यातील नायसिन बांधलेल्या स्थितीत असते, पोटात गेले तरी अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते. ज्यांनी मका निर्माण केला त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण मका कसा खावा हे ठाऊक होते.

हा दाखला परदेशचा म्हणून आपण निश्चिंत राहू नये. आपल्या दख्खनच्या पठारावर, ज्वारीवर निर्वाह करणाऱ्या अतिगरीब शेतमजुरांतही पेलाग्रा होता. हैदराबाद येथील पोषणसंशोधन-प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी या गोष्टीचा छडा लावला, आणि १९६० साली अशी उपपत्ती मांडली की ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य शरीरातील नायसिनच्या व्यवहारात अडथळा आणते. त्या उपपत्तीवर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु तिच्या बुडाशी असलेले निरीक्षण मतभेदाच्या पलीकडचे आहे. नुसत्या ज्वारीवर, डाळीवाचून, दुधावाचून, भाजीपाल्यावाचून राहणारा मनुष्य निरोगी राहू शकत नाही. मी ज्वारीचा अभिमानी आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट आधी सांगतो. स्थानिक पीक आहे एवढ्याने ते पूर्णान्न ठरत नाही, आणि तसे ते आपल्या पूर्वजांनीही कधी मानले नाही.

आपल्या स्वयंपाकघरातील जुन्या जिनसांकडे या दृष्टीने पाहावे. खानदेशात ज्वारीत अख्खे उडीद मिसळून कळणा दळतात आणि त्याच्या भाकरी करतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी, उडदांत तो भरपूर. उडदांत जे गंधकयुक्त घटक उणे असतात ते ज्वारीत पुरेसे. दोहोंचा संयोग झाला की प्रथिनांची प्रत उंचावते. थालीपिठाच्या भाजणीत हाच विचार अधिक विस्ताराने आहे, कारण तेथे तीन-चार धान्ये आणि दोन-तीन कडधान्ये एकत्र येतात, शिवाय धने-जिरे. आणि सगळे भाजून घेतल्यामुळे पीठ महिना-दीड महिना सहज टिकते. कारळ्याची आणि जवसाची चटणी, तिळाची पूड, शेंगदाण्याचे कूट या गोष्टी भाकरीच्या जोडीला येतात त्या चवीसाठी खऱ्या, परंतु त्यांतून मिळणारे स्निग्ध आणि खनिज द्रव्य भाकरीत तेवढे नसते. हे सगळे प्रक्रिया केलेले पदार्थच होत. कारखान्यात झाली तरच ती प्रक्रिया, असा जो समज रूढ झाला आहे, त्यामुळे या क्रियांकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहण्यास आपल्या शास्त्रज्ञांनाही फार उशीर झाला.

नाचणीच्या सत्त्वाचा, म्हणजे मोडविलेल्या नाचणीच्या पिठाचा, विचार मात्र थोडा सावकाश करू, कारण साऱ्या विषयाचे मर्म त्यात साठलेले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. हा आकडा आज प्रत्येक जाहिरातीत दिसतो. ज्याची जाहिरात होत नाही ती गोष्ट निराळी आहे. सहा महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज काही वरचे अन्न द्यावयाचे असते तेव्हा आईपुढे अशी अडचण येते की, पेज दाट केली तर ती मुलाच्या घशाखाली उतरत नाही, आणि पातळ केली तर तिच्यात पाणीच फार. एवढ्याशा पोटात मावेल तितक्या पेजेने त्याची भूक भागते पण पोषण भागत नाही. लहान मुले अन्न असूनही उपाशी राहतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. आता नाचणी एक रात्र भिजवून, फडक्यात बांधून दोन दिवस मोडविली की तिच्यात अमायलेज नावाचे विकर उत्पन्न होते, आणि भरडधान्यांत नाचणीची ही शक्ती विशेष मोठी आहे. मोडविलेल्या, वाळविलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ दाट शिजलेल्या पेजेत ढवळले की ती पेज पाहता पाहता पातळ होते, आणि पाणी न घालता पातळ झाल्यामुळे तिच्यातील अन्नांश कणभरही घटत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० नंतरच्या दशकात या तत्त्वावर मोठे काम केले आणि त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. मोड आणण्याने आणखीही एक लाभ होतो: धान्यातील फायटेट, जे लोह आणि जस्त यांना जखडून ठेवते, ते काही अंशी कमी होते. आंबील आंबविण्यानेही तेच साधते.

परंतु या सत्त्वात दोन ठिकाणी फसगत होऊ शकते, आणि ती घरातही होते व कारखान्यातही. पहिली अशी की, मोडविलेली नाचणी कडक भाजली किंवा पीठ टिकावे म्हणून त्याला तीव्र उष्णता दिली, तर विकर नष्ट होते. वेष्टनावर ‘मोड आलेल्या नाचणीचे’ ही अक्षरे खरी राहतात, पण पेज मात्र साध्या पिठासारखीच घट्ट होते. दुसरी अशी की, नाचणीतील कॅल्शियमचा बराच अंश तिच्या तांबूस सालीत असतो. पांढरेशुभ्र सत्त्व हवे म्हणून ते तलम कापडातून वस्त्रगाळ केले, किंवा भिजली नाचणी वाटून तिचे दूध गाळून तळाशी बसलेला गाळ तेवढा वाळविला, तर ज्याच्यासाठी आपण नाचणीकडे आलो तेच चोथ्यात जाते. तान्ह्या मुलासाठी थोडे गाळणे योग्यच आहे. पण किती, हे ठरविताना रंगाकडे पाहून चालणार नाही.

कारखानदारांच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे समजू नये; त्या खऱ्या आहेत आणि त्यांवर आपल्या देशात उत्तम काम झाले आहे. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दळताच तिच्यातील लायपेज हे विकर त्या स्निग्धांशावर काम करू लागते. म्हणून बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट होते आणि म्हणूनच आपल्याकडे बाजरी लागेल तेवढीच दळून आणण्याची रीत आहे. अख्ख्या दाण्याला दळण्यापूर्वी काही क्षण उकळत्या पाण्याची किंवा अधिक वेळ कोरडी उष्णता दिली तर विकर निष्क्रिय होते आणि पिठाचे आयुष्य वाढते. येथे उष्णता हवी आणि सत्त्वात ती नको, हे ज्याने जाणले तोच या धंद्याचा खरा जाणकार. नाचणीची साल तिच्या मऊ गाभ्याला अशी चिकटलेली असते की ती तांदळासारखी सडता येत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जी १९५० साली स्थापन झाली, नाचणी भिजवून, वाफवून, वाळवून तिचा गाभा टणक करण्याची आणि मग साल काढण्याची रीत बसविली, त्यामुळे नाचणी भातासारखी शिजविता येऊ लागली. ज्वारीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात गव्हाचे ग्लूटेन नाही. आपली स्त्री उकळते पाणी घालून, मळून मळून, त्या पिठाला बांधून आणते आणि हाताने थापते. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की तिच्याही हातून भाकरी तडकते. यंत्राला हे कसब सहजी साधत नाही, आणि येथेच मैदा आत शिरतो.

नाचणीचे किंवा ज्वारीचे म्हणून विकले जाणारे बिस्किट विकत घ्यावे आणि त्याच्या वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचावीत. अनेकदा पहिला क्रमांक गव्हाच्या पिठाचा वा मैद्याचा, मग साखर, मग पामतेल, आणि ज्या धान्याचे चित्र पुढच्या बाजूस आहे ते मागून येते. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवीत नाही. कारण ज्या आईने पोटाला चिमटा घेऊन मुलासाठी ते पाकीट घेतलेले असते तिच्या विश्वासाचा हा अपहार आहे. कायद्याने घटकांचा क्रम आणि प्रमाण छापावयास लावले आहे, तेवढ्यावर थांबू नये. ज्या धान्याच्या नावाने पदार्थ विकला जातो ते त्यात सर्वांत अधिक असलेच पाहिजे, असा साधा दंडक असावा. आणि ग्लूटेनवाचून होणारे पदार्थ काही थोडे नाहीत. ज्वारीच्या लाह्या केवळ उष्णतेने आणि दाण्यातील ओलीने फुटतात, त्यांत साल आणि कोंब सगळे शाबूत राहते, तेलाचा थेंब लागत नाही. लाह्यांचे पीठ ताकात कालवून आमच्या घरांतील म्हातारी माणसे उन्हाळा काढीत. खानदेशी बिबड्या, धपाटी, कण्या, वरईचा रवा, राजगिऱ्याची चिक्की यांना शेव-बिस्किटांचा वेश देण्याची आवश्यकता नाही. त्यांना स्वच्छ वेष्टन, नियमित प्रत आणि परवडणारी किंमत यांची आवश्यकता आहे.

आपल्या प्रांतात या दिशेचे संशोधन कोणी केले असे विचारले तर मी आदराने प्रथम कमलाबाई सोहोनींचे नाव घेईन. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीला १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला, आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञासमोर हट्टाने उभे राहून त्यांनी तो मिळविला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेत काम केले. आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत अध्यापन करताना नीरा, ताडगूळ, कडधान्ये, तांदळाचे पीठ या गोरगरिबांच्या जिनसांवर आपली विद्या वेचली. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले, आणि आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा दिल्याने प्रकृतीत सुधारणा होते असे त्यांच्या कामातून दिसून आले. नीरा पहाटे उतरविलेली, मडक्याला चुना लावून राखलेली, थंड ठेवलेली असेल तर अन्न; उन्हे चढली की तिची ताडी होते. अन्न आणि व्यसन यांच्यामध्ये येथेही एक क्रियाच उभी आहे. युरोपातील अद्ययावत प्रयोगशाळांत वनस्पतींच्या श्वसनाचे सूक्ष्म रसायन अभ्यासून आलेली ही विदुषी शिंदीच्या झाडाखालच्या मडक्याकडे तितक्याच गांभीर्याने वळली, यात मला फार मोठी बुद्धीची सचोटी दिसते.

नव्या काळातील एक उदाहरण याच मातीतले आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून अधिक लोह असलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण महाराष्ट्रात आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात शाळकरी मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी आणि शेव काही महिने खावयास देऊन त्यांचे रक्त तपासण्यात आले, आणि ज्यांच्यात लोहाची उणीव होती त्यांच्या स्थितीत सुधारणा आढळली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मला त्यात विशेष भावले ते असे की, तपासणी भाकरीची झाली, शेवेची झाली. लोक जे खातात त्याच रूपात धान्याची परीक्षा झाली. याउलट म्हैसूरच्या संस्थेनेच पूर्वी शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांचे ‘बहुउद्देशीय अन्न’ सिद्ध केले होते, ते पोषणाच्या कसोटीला पुरेपूर उतरणारे होते, पण आज कोणत्या घरात त्याचे नाव निघते? १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी मात्र त्या पिढीच्या तोंडी अजून आहे, कारण ती लाडू-वडीच्या ओळखीच्या जातीची होती आणि हातावर घेऊन खाता येत होती.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने आणि रोगांनी बालके दगावली तेव्हा साऱ्या राज्याला हादरा बसला. तेथला डोंगर नाचणीचा आणि वरईचा आहे. कॅल्शियमचे कोठार ज्या उतारावर पिकते त्याच उतारावरची मुले अन्नावाचून सुकली, याचा अर्थ त्या आयांना नाचणी शिजविता येत नव्हती असा लावणे हा क्रूर अन्याय होईल. कार्तिक-मार्गशीर्षात पीक खळ्यावर येते, त्याच वेळी सावकार दारात असतो, नाचणी विकली जाते; पुढे माणसे वीटभट्टीवर, रेतीवर कामाला निघून जातात; आणि सत्त्व करावयाला जे तीन-चार दिवस, जे फडके, जी सावली आणि जी उसंत लागते ती त्या बाईजवळ नसते. जात्याची आणि उखळाची थोरवी गाणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे, आणि ते मला पटत नाही. भिजवणे, मोडवणे, वाळवणे, चोळणे, दळणे या क्रियांचे ज्ञान जपले पाहिजे. त्यांचे ओझे त्याच स्त्रीच्या पाठीवर पुन्हा टाकण्याचा आपणांस काहीही अधिकार नाही. तयार पदार्थाची आवश्यकता आहे ती नेमकी येथे, आणि मोठ्या शहरातील श्रीमंताच्या न्याहारीपेक्षा येथे ती शंभरपटीने अधिक आहे.

यास्तव माझी सूचना अशी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा-कायद्यात भरडधान्य किलोमागे एक रुपया या दराने देण्याची तरतूद होती. पण त्याची खरेदीच अल्प झाल्यामुळे ते लाभार्थ्यापर्यंत क्वचितच पोहोचले. म्हणून अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी लागणारी नाचणी त्याच तालुक्यातून, काढणीच्याच पंधरवड्यात, रोख किंमत देऊन खरेदी व्हावी, म्हणजे ती सावकाराकडे जाण्याआधी कोठारात येईल. तालुक्यात दोन-तीन ठिकाणी मोडवण्याची आणि वाळवण्याची खोली असावी. कोकणच्या आणि सह्याद्रीच्या पावसात उन्हाचा भरवसा नाही आणि ओलसर मोडविलेल्या धान्याला बुरशी लागून विषार उत्पन्न होण्याचे भय मोठे आहे, म्हणून तेथे मंद आचेचे वाळवणीयंत्र हवेच, त्यात काटकसर नको. चालविण्याचा जिम्मा गावच्या बचतगटांना मजुरीसह द्यावा. पिठात भाजलेली हरभराडाळ आणि शेंगदाणे त्याच मुलखातले घालावेत, साखर घालू नये.

राहता राहिली प्रतीची तपासणी. ती आज होते ती जिल्ह्याच्या कचेरीत, कागदावर. आणि पोते मात्र पाड्यावर उघडते. सत्त्वाची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अंगणवाडी-सेविकेने तांदळाच्या पिठाची चमचा उभा राहील इतकी दाट पेज शिजवावी, ती किंचित निवू द्यावी, आणि आलेल्या पोत्यातले चमचाभर पीठ त्यात घालून ढवळावे. काही मिनिटांत पेज ओघळू लागली तर विकर जिवंत आहे. ती तशीच घट्ट राहिली, तर पोते परत करण्याचा अधिकार त्या सेविकेला असावा, आणि पुरवठा करणाऱ्याशी होणाऱ्या करारनाम्यात ते कलम पहिल्या पानावर लिहिलेले असावे.